दयाळ आणि माझे गैरसमज

घाटाखालचे पाहुणे मे महिन्यात आमच्याकडे बुलढाण्याला आले की आम्ही ऐटीत सांगतो, ‘आमच्याकडे रात्री गार वारं सुटतं.’ गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं, त्यामुळे हे पुष्कळसं खरंही आहे. त्या वाऱ्यासाठी निवृत्त झाल्यापासून मी उन्हाळाभर गच्चीवर झोपतो आणि पहाटे साडेचारला दयाळ मला उठवतो. गेल्या पाच-सहा वर्षांत त्याच्याबद्दल मी छातीठोकपणे जे जे बोललो, त्यातलं बरंचसं नंतर गिळावं लागलं. त्याचाच हा हिशोब.

१. तो माझ्यासाठी गात नव्हता. पहिल्या वर्षी मला अगदी तसंच वाटायचं. शेजारच्या पाण्याच्या टाकीवर बसून, शेपटी वरखाली करत, वळणावळणाचं लडिवाळ गाणं. वाटायचं, तहसील कचेरीत चौतीस वर्षं घासलेल्या माणसाला मिळालेली ही जादा पेन्शनच. पुढे कळलं, की त्या शिळेचा अर्थ साधारण ‘हा कडुलिंब माझा, तो शेवगा माझा, कुंपणाच्या आत आलास तर बघून घेईन’ असा आहे. उरलेलं सगळं मादीला उद्देशून. म्हणजे अर्धा सातबारा आणि अर्धं स्थळ. धुऱ्यावरून चाललेली भांडणं ऐकण्यातच माझी नोकरी गेली, पण सुरात भांडणारा पक्षकार काही कधी भेटला नाही.

२. छाती फुगवून पक्षी दाखवण्याआधी त्याचं पोट बघावं. दोन वर्षं मी आल्यागेल्याला दयाळ म्हणून चिरक दाखवत होतो. चिरकही काळाच, खांद्यावर पांढरा डाग, शेपटी कायम उभारलेली आणि तिच्याखाली विटकरी रंग. तो आमच्या मुरमाड माळाचा, दगडांच्या ढिगाऱ्यांचा रहिवासी. घराच्या आवारातही येतो. दयाळ त्याच्याहून मोठा, बुलबुलाएवढा. छातीपर्यंत काळा, खाली पांढराशुभ्र आणि पंखावर पांढरा पट्टा. नातीनं पुस्तक माझ्यापुढे धरून विचारलं, ‘आजोबा, तुमच्या दयाळाचं पोट काळं का?’ मी म्हणालो, ऊन फार आहे ना. ती काही बोलली नाही. पुस्तक तेवढं माझ्याजवळ ठेवून गेली.

३. नावाबाबत मी एकटाच फसलो नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. ‘दयाळ’ या नावाचा दयेशी संबंध असेल, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. पण हिंदीत हा दहियर, बंगालीत दोयेल; बांगलादेशाचा तर हा राष्ट्रीय पक्षी, दोन टाक्याच्या जुन्या नोटेवर छापलेला. तिकडचंच नाव ऐकून इंग्रजांनी त्याचं ‘डायल बर्ड’ केलं. मग घड्याळाच्या तबकडीशी या पाखराचा काय संबंध, याचं कोडं पडलं. लिनियसनं १७५८ साली त्याचं शास्त्रीय नाव ठेवताना ‘सॉलॅरिस’ असं लिहिलं. त्याला सूर्यघड्याळावरून ‘सोलॅरिस’ म्हणायचं होतं आणि लेखणी घसरली, असं पक्षितज्ज्ञ जेर्डनचं म्हणणं. एडवर्ड ब्लाइथनं ते खोडून काढलं. त्याच्या मते तो शंभर गाणी या अर्थाच्या हिंदुस्थानी शब्दाचा अपभ्रंश. कचेरीत एका वेलांटीपायी वारसांची नावं चुकलेली मी पाहिली आहेत. इथे अख्खा पक्षी घड्याळात गेला होता.

४. शंभर गाणी ही मात्र फारशी अतिशयोक्ती नसावी. एकदा गच्चीवरून खाली येऊन मी हिला सांगितलं, की आज बुलबुल, शिंपी आणि टिटवी असे तिघे एकदम तारेवर आलेत. ती चहा टाकून बाहेर आली. तारेवर एकटा दयाळ. दुसऱ्यांचे आवाज उचलून आपल्या गाण्यात गुंफायची त्याला सवय आहे. या गाणाऱ्या पाखरांचा आवाज आपल्यासारखा गळ्याच्या वरच्या टोकाला तयार होत नाही. श्वासनलिका खाली जिथे दुभंगते तिथे होतो, आणि दोन्ही फांट्यांवर त्यांचा वेगवेगळा ताबा असतो. मला एका गळ्यात आरती नीट म्हणता येत नाही.

५. जिला मी वर्षभर किरकोळ म्हणून सोडून दिलं होतं, ती त्याची बायको निघाली. नर काळा कुळकुळीत. मादी राखाडी, जणू त्याच रंगात पाणी जास्त झालेलं. हे माझ्या नाही, हिच्या लक्षात आलं. मागच्या भिंतीत परांचीचं एक भोक बुजवायचं राहून गेलंय, त्यात ती राखाडी काड्या नेत होती. घरट्याची बरीचशी मेहनत तिचीच. फिक्या निळसर-हिरव्या, तपकिरी ठिपक्यांच्या अंड्यांवर बारा-तेरा दिवस बसते तीही तीच. ‘आणि तुमचे बुवा?’ हिनं विचारलं. पिल्लं झाली की तेही चारा आणतात, म्हटलं. ‘अस्सं,’ ती म्हणाली. त्या ‘अस्सं’मध्ये आमच्या दोन्ही बाळंतपणांचा जमाखर्च होता. पुढे वाचलं, की मादीही कधीकधी थोडं गाते. मी अजून ऐकलेलं नाही. इतकी वर्षं कान एकाच आवाजाला लावलेले.

६. मोबाइलवर त्याचं गाणं वाजवणं हा मी केलेला सगळ्यात पोरकट उद्योग. मला वाटलं, जुगलबंदी होईल. तो बाणासारखा खाली आला, फोनपासून हातभर अंतरावर पिसं फुलवून बसला आणि मी फोन बंद केल्यावरही जवळजवळ तासभर अंगणातला कोपरान् कोपरा धुंडाळत राहिला. चारा नाही, पाणी नाही. नसलेल्या दावेदाराला शोधत होता. त्यानंतर स्कूटरच्या आरशावर चोची मारणं सुरू झालं. दूधवाला दोन दिवस ते बघत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘काका, त्याले वाटते आरशात त्याचा भाऊबंद हाये.’ एवढ्या नेमक्या शब्दात मला कोणत्याच पुस्तकात ते सापडलं नव्हतं. तेव्हापासून विणीच्या दिवसांत स्कूटरच्या दोन्ही आरशांवर माझे जुने मोजे चढवलेले असतात.

७. मदत करायची हौस आवरता आली पाहिजे. परांचीच्या त्या भोकात चार अंडी होती. हे मला कसं कळलं, तर मी रोज सकाळी स्टुलावर चढून टॉर्च लावून बघायचो. कुणी विचारलं तर ‘देखरेख’ म्हणायचो. पिल्लं बाहेर आली, गुलाबी, आंधळी, सगळ्या अंगाचं तोंड झालेली. मग एका संध्याकाळी पाहुणे आले आणि मी स्टूल तिथेच विसरलो. सकाळी स्टुलावर मांजराचे मातीचे पंजे होते आणि भोक रिकामं. दोघं दिवसभर चोचीत अळ्या धरून भिंतीपाशी येत राहिले. स्टूल मी घरात आणलं. हिनं कुणालाही काही सांगितलं नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

८. पावसाचा अंदाज त्याच्यावरून वर्तवू नये. अक्षय तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत सांगतात. आमच्या जिल्ह्यात त्या सकाळी दुसरा विषय नसतो. एका वर्षी मीही कट्ट्यावर जाहीर केलं, की दयाळ एवढा गातोय, म्हणजे मृग वेळेवर. मृग कोरडा गेला. तो गातो ते वीण चालू असते म्हणून. पण पाऊस एकदाचा पडला आणि जमिनीतून पंख फुटलेली उदई उठली, तेव्हा दिवेलागणीनंतरच्या अंधुक उजेडातही दोघं ती टिपत होते. बाकीची पाखरं केव्हाच झोपली होती.

९. गाणं थांबलं म्हणजे पक्षी गेला नाही. पहिल्या वर्षी पावसाळा सरताना तो गप्प झाला, तेव्हा मी हळहळलो, दोघातिघांना बातमीही दिली. तो इथेच होता, जास्वंदीखाली पाचोळा उलटत. हिवाळाभर त्याच्याकडे एक खरखरीत ‘चुर्र’ तेवढं असतं, आणि ते ओळखायला मला तीन हिवाळे लागले. मग थंडी ओसरताना एखाद्या सकाळी पानांआडून पुटपुटल्यासारखं काहीतरी येतं. चोच जेमतेम उघडलेली, सूर अर्धवट, मधेच सोडून दिलेला. परवा तसं ऐकू आलं. मी कपाटातून मोजे काढले आणि स्कूटरकडे गेलो.