जंतूला मारणारा जंतू : बॅक्टेरियोफेज



पावसाळा लागला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही घरोघरी ताप, हगवण सुरू होते. अशा वेळी वर्गात हा पाठ जरूर घ्या.

१८९६ मध्ये आग्र्याच्या अर्नेस्ट हॅन्किन यांना दिसलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू मरतात. पाणी उकळलं की तो गुण जातो. १९१७ मध्ये फेलिक्स द'हेरेल यांनी जिवाणू मारणाऱ्या अशा विषाणूला 'बॅक्टेरियोफेज' नाव दिलं. पुढे १९२७ मध्ये त्यांनी पंजाबात कॉलऱ्याच्या रुग्णांवर त्याचा वापर केला.

फेज जिवाणूला चिकटतो, आपलं जनुकीय द्रव्य आत सोडतो. आत नवे फेज तयार होतात आणि जिवाणू फुटतो. पण प्रत्येक फेजला ठरावीकच जिवाणू चालतो, कुलपाला किल्ली असते तसं.

मग फेजने डेंग्यू बरा होईल का? नाही. डेंग्यू विषाणूमुळे होतो आणि फेज फक्त जिवाणूतच वाढतो. प्रतिजैविकंही विषाणूवर चालत नाहीत. म्हणून साध्या सर्दीसाठी मेडिकलमधून ती गोळी मनाने आणू नका. उगाच घेतल्याने जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. अशा हट्टी जिवाणूंसाठीच आज डॉक्टर पुन्हा फेजकडे वळत आहेत.

आणि हो, नदीचं पाणी औषध नव्हे; ते उकळूनच प्यायचं.

कृती : फळ्यावर दोन रकाने करा, जिवाणू आणि विषाणू. कॉलरा, टायफॉइड, क्षयरोग, गोवर, डेंग्यू, सर्दी हे आजार मुलांकडून योग्य रकान्यात लिहून घ्या. मग विचारा, फेज कुठल्या रकान्यात कामाचा?