मामंजी मध्ये कुठे पडले होते का गं?

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, मामंजींना पार्किन्सन झालाय बहुतेक." तेव्हापासून मनातून जात नाहीये. डावा हात थरथरतो, सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतो, चालताना चप्पल फरफटते. लक्षणं तीच आहेत, मान्य. पण गणपतीत ते ठणठणीत होते ना? पार्किन्सन असा महिन्याभरात अंगावर येत नाही गं, तो वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो.

म्हणून विचारते, मध्ये कुठे पडले होते का? बाथरूममध्ये पाय घसरला, उठताना डोकं कपाटाला आपटलं, एवढंही पुरतं. ते स्वतः 'छे, काही नाही' म्हणतील, तू सासूबाईंना विचार.

उतारवयात मेंदू थोडा आकसतो, आणि मेंदूपासून वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. हलक्या धक्क्यानेही एखादी फाटते आणि रक्त हळूहळू साचत राहतं. यालाच डॉक्टर क्रॉनिक सबड्यूरल हिमॅटोमा म्हणतात. त्रास दिसायला तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, तोवर पडल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं. बहुतेकांचं डोकं दुखतं, बोलण्यात गोंधळ होतो, तोल जातो, एका बाजूची ताकद कमी होते. क्वचित मात्र हालचाल सांभाळणाऱ्या आतल्या केंद्रांवर दाब येतो. मग हात कापतो, अंग ताठरतं, एखाद्याचे तर हातपाय आपोआप वेडेवाकडे हलायला लागतात. हे म्हातारपणाचं म्हणून सोडून दिलं जातं, याचंच मला फार वाईट वाटतं. कारण हा कंप बरा होऊ शकतो. कवटीला एक-दोन छोटी छिद्रं पाडून ते काळपट, पातळ झालेलं रक्त काढलं की बऱ्याच जणांची हालचाल सुधारते. काहींना पुन्हा साचतं, म्हणून नंतरही तपासत राहावं लागतं.

तेव्हा पार्किन्सनच्या गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना सीटी स्कॅनचं विचार. पडल्याची तारीख आठवली तर तीही सांग. दोन-तीन आठवड्यांचं रक्त सीटीत मेंदूच्याच रंगाचं दिसतं आणि नजरेतून सुटू शकतं, अशा वेळी एमआरआय लागतो. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांग, पण आपल्या मनाने ती बंद करू नकोस.

आणि हे बघ, ते गुंगीत राहायला लागले, उलट्या झाल्या किंवा बोलणं अडखळलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नकोस. रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टीत ने आणि मला फोन कर.