स्मृतिभ्रंश आणि वाट दाखविणारे साधन

अल्झायमर विकारात स्मरण आणि दिशाज्ञान यांचा आधार असलेला मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग आरंभीच क्षीण होऊ लागतो. त्यामुळे रोजची वाटही परकी भासते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. त्यांच्यासाठी अंगावर वागवावयाच्या दिशादर्शक साधनात नकाशा नसावा. तो वाचण्याची शक्तीच उणावलेली असते. वळणापाशी मनगटावर हलके कंपन व्हावे आणि एका वेळी एकच सूचना मिळावी. नवी वस्तू घालण्याचे विस्मरण होते. म्हणून साधन नित्याच्या घड्याळात किंवा पादत्राणात बसवावे. मात्र उपग्रहाचा संकेत घरात क्षीण होतो, बॅटरीही संपते. म्हणून शेजाऱ्यांची जागरूकता आवश्यकच राहते. रुग्णाची संमती आरंभीच घ्यावी. हे साधन पाळतीसाठी नव्हे, तर त्याने आपल्या पायांनी घरी परतावे यासाठी आहे.