ग्रेपफ्रूटच्या सालीतील तेल

शिक्षक जवळ असताना एक प्रयोग करा. अंधाऱ्या खोलीत मेणबत्ती लावा. मोसंबीच्या ताज्या सालीचा तुकडा ज्योतीपासून चार बोटे दूर धरा आणि रंगीत बाजू ज्योतीकडे ठेवून चटकन दुमडा. ज्योतीत ठिणग्या उडतील. हा सालीतील तेलाचा फवारा. २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी संत्र्याच्या सालीतील असा फवारा मोजला, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला १० मीटरच्या आसपास भरला! म्हणून साल कोणाच्या डोळ्यांसमोर पिळू नये.

ग्रेपफ्रूट हे मोसंबीचे नातलग. अठराव्या शतकात बार्बाडोस बेटावर पपनस व गोड संत्रे यांच्या संकरातून ते निपजले. त्याची साल दाबून काढलेल्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते. खास वास मात्र अत्यल्प असलेल्या इतर द्रव्यांचा.

आता गंमत पाहा. हे तेल बशीत असताना सुमारे ४८ अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय त्याची वाफ पेट घेण्याइतकी होत नाही. मग फवारा लगेच का पेटतो? एक मिलिलिटर तेलाचा एकच गोल थेंब कल्पा. त्याचेच ०.१ मिलिमीटर व्यासाचे थेंब केले, तर ते जवळजवळ १९ लाख होतील आणि एकूण पृष्ठभाग सुमारे सव्वाशे पट वाढेल. इवलासा थेंब क्षणात तापतो, त्याची वाफ होते व ती जळते. तेव्हा असे तेल पाण्यात मिसळून दिव्याजवळ फवारणे धोक्याचेच.

लिमोनीन उत्तम द्रावकही आहे. थर्माकोलच्या तुकड्यावर साल पिळा. तो चिकट होऊन खचेल. याच गुणामुळे काचेवरील लेबलाचा चिकटा व ग्रीसचे डाग निघतात. पण जे चिकटा सोडवते ते त्वचेलाही झोंबते! खोबरेल तेलात पुष्कळ पातळ केल्याशिवाय ते अंगाला लावू नये. शिवाय दाबून काढलेल्या तेलातील काही द्रव्ये ऊन लागताच त्वचा भाजल्यासारखी लाल करतात. म्हणून लावल्यावर निदान १२ तास ती जागा उन्हात उघडी ठेवू नये.

वासाने मन प्रसन्न होते, हे खरे. वजन उतरते, या जाहिरातीला मात्र पुरेसा पुरावा नाही. पोटात तर ते घेऊच नये. हवेशी संयोग होऊन जुन्या तेलात खाज व पुरळ आणणारी द्रव्ये तयार होतात. बाटली गडद काचेची, घट्ट बुचाची, थंड जागी ठेवावी आणि उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी.