फायरवॉलच्या नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर : हात लावण्याआधी आणि अडकल्यावर

व्हिडिओत दाखवलेली कृती इथे लेखी देतोय. कामावर जाताना मोबाईलमध्ये उघडून ठेवा.

जळगाव एमआयडीसीतला चटई कारखाना घ्या, नाहीतर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग जिथे भेटतात त्या धुळ्यातलं ट्रान्सपोर्ट ऑफिस घ्या. इंटरनेट बंद म्हणजे ई-वे बिल बंद, आणि बिल नाही तर भरलेला ट्रक जागेवरच उभा. अशा ठिकाणी तुम्ही पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स टाकलेला छोटा संगणक फायरवॉल म्हणून बसवता, तेव्हा सगळी वाहतूक त्यातल्या नेटवर्क कार्डातून जाते. त्या कार्डाच्या आत कायम राहणारा छोटा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. ते लिहिताना बिघडलं, तर कार्डच ओळखू येत नाही.

म्हणून पहिला नियम : ठोस कारण असल्याशिवाय फर्मवेअर बदलायचं नाही, आणि परतीची वाट तयार असल्याशिवाय सुरुवात करायची नाही.

आधी दोष कुठे आहे ते शोधा

लिंक सारखी तुटते? आधी केबल आणि स्विचचं पोर्ट बदलून बघा. मग डबीला हात लावून बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि बिनपंख्याची डबी बंद कपाटात ठेवलेली असते. आधी तिला हवा द्या.

मग लॉग वाचा. इंटेलच्या एक्स७१० सारख्या कार्डांवर ड्रायव्हर स्वतःच सांगतो. कार्डातलं फर्मवेअर अपेक्षेपेक्षा नवं आहे असा संदेश असेल, तर ड्रायव्हर अपडेट करायचा, म्हणजे फायरवॉलची सिस्टीम. जुनं आहे असा संदेश असेल, तरच फर्मवेअर.

आणि प्रत्येक दुखण्यावर फर्मवेअर हे औषध नसतं. इंटेलची आय२२५ ही २.५ गिगाबिटची चिप आठवा. तिच्या सुरुवातीच्या आवृत्तीत दोन पॅकेटांमधल्या अंतराचा दोष होता, तो चिपमध्येच. वेग १ गिगाबिटवर बांधून काम भागायचं. खरा इलाज पुढच्या सुधारित चिपमध्ये आला. आय२२६ वर लिंक तुटत असेल, तर वीजबचतीची सोय, म्हणजे ईईई, बंद करून बघा. बऱ्याचदा तेवढ्यात भागतं.

करायचंच ठरलं, तर हा क्रम

१. फायरवॉलच्या सेटिंगची बॅकअप फाईल पेन ड्राइव्हवर घ्या.

२. प्रत्येक पोर्टचं नाव, मॅक पत्ता आणि त्यात कोणती केबल आहे ते लिहून फोटो काढा.

३. मॉनिटर आणि कीबोर्ड थेट जोडा. घरी बसून हे काम करू नका. ज्या फांदीवर बसलोय तीच कापायची आहे.

४. यूपीएस लावा, आणि त्याची बॅटरी खरंच टिकते का ते आधी तपासा.

५. कार्ड कोणत्या कंपनीचं आहे बघा. डेल, एचपी, लेनोव्होचा शिक्का असेल, तर फाईल त्यांच्याचकडची घ्यायची, चिप इंटेलची असली तरी.

६. अपडेटच्या टूलमध्ये आधी फक्त यादी काढा, जुन्या फर्मवेअरची प्रत घ्या, मगच लिहा. मध्ये काही बंद करू नका.

७. नुसतं रीस्टार्ट नको. मशीन पूर्ण बंद करा, वायर काढा, मिनिटभर थांबा, मग सुरू करा.

अडकलात तर

*"अपडेट उपलब्ध नाही" येतं :* बहुतेक वेळा कार्डाचा ओळख क्रमांक टूलच्या यादीत नसतो. पायरी ५ बघा. दुसऱ्या कार्डाची फाईल जबरदस्तीने घालू नका.

*कार्ड दिसत नाही :* पायरी ७ पुन्हा करा. नाही जमलं, तर कार्ड दुसऱ्या संगणकात लावून बघा.

*लॉगमध्ये "रिकव्हरी मोड" दिसतो :* घाबरू नका, कार्ड अजून जिवंत आहे. त्याच कंपनीच्या टूलने फर्मवेअर पुन्हा लिहा.

*सगळं ठीक, पण इंटरनेट नाही :* पोर्टची नावं बदलली असतील. कन्सोलवरून पोर्ट पुन्हा नेमून द्या. इथे पायरी २ चा कागद कामाला येतो. इंटरनेटवाल्याने मॅक पत्ता बांधलेला असेल, तर तोही जुळवा.

आता धंद्याचं बोलू

हे काम "जाता जाता करून देतो" म्हणून फुकट करू नका. आधी ग्राहकाला लेखी कळवा : काम का करायचं, किती वेळ नेट बंद राहील, कार्ड गेलं तर नव्या कार्डाचा खर्च कोणाचा. होकार लेखीच घ्या. वेळ शेवटचा ट्रक निघाल्यानंतरची. पिशवीत एक जादा कार्ड, ते नसेल तर साधा राउटर तरी हवाच, म्हणजे सकाळी कारखाना सुरू होताना नेट चालू असेल. अपडेट फसलं तरी ग्राहकाचं काम थांबलं नाही, तर तो तुम्हाला सोडत नाही. वार्षिक देखभालीचं कंत्राट याच भरवशावर मिळतं.

गृहपाठ : तुमच्या एका ग्राहकाच्या फायरवॉलची पोर्ट, मॅक पत्ते आणि फर्मवेअर आवृत्तीची एक पानी यादी या आठवड्यात बनवा. अपडेट काही करू नका, फक्त यादी. तिची एक प्रत ग्राहकाच्या फाईलला, एक तुमच्याकडे.