प्रेमकादंबरीची वेबसाइट आणि प्रचार: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

कादंबरी तयार आहे. कुणीतरी तुम्हाला ‘वेबसाइट, आयएसबीएन, सोशल मीडिया, सगळं मिळून पस्तीस हजार’ असं पॅकेज सांगितलं आहे. पैसे देण्याआधी त्यातली एकेक बाब सुटी करून तिचा दर लेखी मागा. बऱ्याच गोष्टी फुकट मिळतात आणि काही तर तुम्हाला लागतच नाहीत.

आधी डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. डॉट कॉमला वर्षाला साधारण हजार ते दीड हजार रुपये पडतात, डॉट इनला सहसा थोडे कमी. जाहिरातीतला ९९ किंवा १९९ रुपयांचा दर पहिल्याच वर्षाचा असतो. नूतनीकरणाचा दर शोधून बघा आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. पत्ता पुस्तकाच्या नावाने नको, तुम्ही ज्या नावाने लिहिता त्या नावाने घ्या, म्हणजे दुसऱ्या कादंबरीला पुन्हा खर्च होणार नाही. आणि खरेदी स्वतःच करा: खातं तुमच्या ईमेलवर, पैसे तुमच्या कार्डाने किंवा यूपीआयने. डिझायनरने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं, तर कागदोपत्री ते त्याचं असतं. पुढे त्याच्याशी बिनसलं की पत्ता अडकतो. तसं आधीच झालं असेल तर त्याच्याकडून ट्रान्सफर कोड मागून घ्या. डॉट कॉम मात्र नोंदणीनंतर पहिले ६० दिवस दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही.

होस्टिंगचा, म्हणजे साइट ठेवण्याच्या जागेचा, दर असाच फसवा. महिना शंभर-दीडशे रुपये असं लिहिलेलं असतं, पण तो दर तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो आणि नूतनीकरणाला दुप्पट-तिप्पट होतो. पहिल्या कादंबरीसाठी मला हा खर्चच पटत नाही. ब्लॉगर किंवा गूगल साइट्सवर साइट फुकट बनते आणि तुमचं विकत घेतलेलं डोमेन तिला जोडता येतं. वर्डप्रेसच हवं असेल तर ते सॉफ्टवेअर फुकट आहे, पैसे फक्त होस्टिंगचे. एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीचं एचटीटीपीएस, ‘लेट्स एनक्रिप्ट’कडून फुकट मिळतं आणि बहुतेक कंपन्या ते आपसूक बसवतात. त्याचे वेगळे दीड-दोन हजार लावले असतील तर ती ओळ कापायला सांगा. डिझायनर पाच पानांच्या साध्या साइटचे साधारण दहा ते पंचवीस हजार मागतात, वर वार्षिक देखभालीचे तीन-चार हजार. देखभाल म्हणजे नेमकं काय, हे लेखी घ्या. नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ चढवायला वेगळे पैसे लागणार असतील, तर ती देखभाल नव्हे.

डिझाइनमध्ये एकच कसोटी ठेवा: रात्री मोबाइलवर वाचणाऱ्या व्यक्तीला पहिल्या स्क्रीनवर मुखपृष्ठ, दोन ओळींत गोष्ट आणि ‘विकत घ्या’ हे बटण दिसतं का? त्याखाली पहिलं प्रकरण पूर्ण द्या. मालिका असेल तर भागांचा क्रम ठळक लिहा. आपोआप वाजणारं गाणं, पडणाऱ्या गुलाबपाकळ्या, सरकणारी चित्रं यांनी पान जड होतं. शिवाय सिनेमाचं गाणं परवानगीशिवाय लावणं म्हणजे कॉपीराइटचा भंग.

अक्षरांवर थोडा वेळ खर्च करा, कारण मराठी साइट इथेच बिघडते. पुस्तक श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलं असेल, तर तो मजकूर साइटवर चिकटवल्यावर निरर्थक चिन्हं उमटतात. जुळवणी करणाऱ्याकडून छपाईच्या पीडीएफबरोबर युनिकोड फाइल आधीच मागून ठेवा. नंतर मागितली की रूपांतराचे पानागणिक पैसे लागतात आणि रफार-जोडाक्षरं पुन्हा तपासावी लागतात ती वेगळीच. फॉन्ट विकत घेऊ नका. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी हे गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. ‘टिरो देवनागरी मराठी’मध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत आणि कादंबरीच्या मजकुराला तो शोभतो. पानाची भाषा मराठी अशी नोंदवायलाही डिझायनरला सांगा. त्याचे पैसे पडत नाहीत.

मुखपृष्ठाचं चित्र गूगलवरून उचलू नका. जोडप्याचा फोटो असेल तर छायाचित्रकाराचा परवाना आणि फोटोतल्या दोघांची लेखी संमती, दोन्ही हवं. बाहेरचा चित्रकार असेल तर बिलावर ‘छापील, ई-बुक आणि प्रचार या तिन्हींसाठी वापर’ असं लिहून घ्या. नाहीतर इन्स्टाग्रामसाठी तेच चित्र पुन्हा विकत घ्यावं लागेल. किंडलसाठी १६०० बाय २५६० पिक्सेलची फाइल मागा.

टोपणनावाने लिहीत असाल तर आणखी सावध राहा. प्रेमकथा लिहिणाऱ्या अनेक जणी घरच्यांपासून किंवा कार्यालयापासून नाव वेगळं ठेवतात आणि ते त्यांनी ठरवायचं. डोमेन घेताना नाव-पत्ता झाकण्याची सोय आहे का पाहा. अनेक कंपन्या ती फुकट देतात. साइटवर स्वतःचा यूपीआय क्यूआर लावलात, तर पैसे देणाऱ्याला बँकेतलं खरं नाव दिसतं. पुस्तकं घरून पाठवलीत, तर पाकिटावर घरचा पत्ता जातो. त्यापेक्षा विक्री बुकगंगा किंवा अ‍ॅमेझॉनवर ठेवा आणि साइटवरून तिथली लिंक द्या. किंडलवर टोपणनाव चालतं. पॅन आणि बँक खातं मात्र खऱ्या नावाचं लागतं.

स्वतःच विकायचं ठरवलंत तर पेमेंट गेटवेसाठी पॅन, बँक खातं, पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो आणि साइटवर संपर्क, परतावा, गोपनीयता, डिलिव्हरी अशी पानं असावी लागतात. ती नसली की अर्ज अडतो. शुल्क दर व्यवहारामागे साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण पाकीट आणि टपालखर्च तुमच्याच खिशातून जातो. म्हणून किंमत ठरवण्याआधी पुस्तकाचं वजन करून बघा.

किंडल डायरेक्ट पब्लिशिंगवर (केडीपी) मराठी ई-बुक चढवायला पैसे लागत नाहीत. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल तर केडीपी सिलेक्टमध्ये नाव घालावं लागतं, नाहीतर ३५ टक्के. सिलेक्टची अट अशी: ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही नको, तुमच्या साइटवरही नको. नमुना फार तर १० टक्क्यांपर्यंत, म्हणून पहिलं प्रकरण या मापात बसतं ना हे तपासा. हीच कादंबरी आधी प्रतिलिपीवर भागांत टाकली असेल तर ते भाग काढल्याशिवाय सिलेक्टमध्ये जाऊ नका. काढण्याआधी तिथल्या वाचकांना तुमच्या साइटचा पत्ता द्या. अमेरिकेतले मराठी वाचक तुमच्यासाठी महत्त्वाचे असतील, तर खात्यातला कराचा फॉर्म पॅन घालून नीट भरा: भारत-अमेरिका करकरारामुळे तिथल्या विक्रीवरची करकपात ३० ऐवजी १५ टक्के होते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, फुकट आहे. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या सरकारी पोर्टलवर लेखक स्वतः अर्ज करू शकतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, मुखपृष्ठ आणि शीर्षकपान तयार ठेवा. छपाईच्या किमान महिनाभर आधी अर्ज करा. किंडलच्या ई-बुकला तो लागतच नाही. कॉपीराइट लिहिल्याबरोबर तुमचाच असतो. नोंदणी ऐच्छिक, सरकारी शुल्क ५०० रुपये. यापुढचं जे काही मागतील, ती दलाली.

प्रचारात पैसे सर्वांत लवकर वाहून जातात. इन्स्टाग्राम-फेसबुकवरच्या जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. आयफोनच्या अ‍ॅपमधून पोस्ट बूस्ट केली तर अ‍ॅपलचं ३० टक्के शुल्क लागू शकतं, म्हणून ते काम ब्राउझरमधून करा. अंगप्रदर्शन असलेलं मुखपृष्ठ जाहिरातीत नाकारलं जाऊ शकतं; एक साधी आवृत्ती हाताशी ठेवा. ‘शंभर रिव्ह्यू मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. पैसे देऊन घेतलेले अभिप्राय अ‍ॅमेझॉनच्या नियमांत बसत नाहीत आणि पुस्तकाचं पानच अडचणीत येतं. बुकस्टाग्रामरला, म्हणजे इन्स्टाग्रामवर पुस्तकांविषयी लिहिणाऱ्याला, पैसे दिलेत तर त्या पोस्टवर ‘जाहिरात’ असं लिहिणं जाहिरात मानक परिषदेच्या नियमांनुसार आवश्यक आहे.

व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी फुकट आहे, पण एका यादीत २५६ जणच मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच संदेश पोचतो. चॅनेलला ही अट नाही आणि तुमचा नंबरही सदस्यांना दिसत नाही. वाचकांचे नंबर त्यांना विचारूनच घ्या. तयार याद्या विकत घेऊ नका.

काम प्रकाशनाच्या सहा आठवडे आधी सुरू करा. दिवाळीत पुस्तक येत असेल तर गणपतीआधीच, कारण नंतर डिझायनर आणि छपाईवाले दोघेही मिळत नाहीत. पहिल्या कादंबरीला डोमेन, साइट आणि प्रचार मिळून दहा हजारांच्या वर जाऊ नका. हाताशी त्याहून जास्त पैसे असतील तर ते मुखपृष्ठाच्या चित्रकाराला आणि मुद्रितशोधकाला द्या.