कमी बोलणाऱ्याला धंदा जमतो का? स्वभावगुणांचं मानसशास्त्र

चिखली असो, मेहकर असो की मलकापूर, प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, माझा स्वभावच कमी बोलायचा आहे. मला धंदा जमेल का?" व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो. खामगावला माझं पॅकिंगच्या सामानाचं दुकान होतं. ऑर्डर आणायला मी एक मुलगा ठेवला. काय बोलायचा! नांदुऱ्यापासून मलकापूरपर्यंत सगळे दुकानदार त्याचे दोस्त. ऑर्डरी भरपूर आल्या, पण कुणाला किती माल दिला, पैसे कधी येणार, याची नोंद कुठेच नाही. वर्षभरात माझं खेळतं भांडवल उधारीत अडकलं आणि दुकान बंद करावं लागलं. दोष त्याचा नव्हता. मी फक्त एकच गुण बघून त्याला कामावर घेतलं होतं.

मग गुण असतात तरी किती? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ साली चक्क शब्दकोश चाळला. माणसामाणसातला फरक सांगणारे जवळपास १८,००० शब्द निघाले. आपल्या मराठीत शोधायला बसलात तर भिडस्त, तापट, चेंगट, हिशेबी, बोलघेवडा, धडपड्या... वही भरेल. पुढे रेमंड कॅटेलने आकडेमोड करून १६ गुण ठरवले, हान्स आयझेंकने सुरुवातीला दोनच मोठे मानले. आज सगळ्यात जास्त वापरले जातात ते पाच: नव्याची आवड, काटेकोरपणा, बहिर्मुखता, समजूतदारपणा आणि मनाची चलबिचल. यात पास-नापास नसतं. उंचीसारखं आहे हे. प्रत्येकात पाचही असतात, कुणात कमी, कुणात जास्त.

आता मुद्द्याचं. बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी १९९१ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. विक्री आणि व्यवस्थापनात बहिर्मुख माणसाला फायदा होतो, हे खरं निघालं. पण विक्रेता, कारागीर, पोलीस, मॅनेजर अशा त्यांनी तपासलेल्या सगळ्या कामांत सातत्याने उपयोगी पडणारा गुण होता काटेकोरपणा. वेळेवर येणं, लिहून ठेवणं, हातातलं काम पूर्ण करणं. अ‍ॅडम ग्रँटने २०१३ मध्ये फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सगळ्यात जास्त कमाई अति बोलक्यांची नव्हती आणि अगदी अबोल लोकांचीही नव्हती. ती होती मधल्या लोकांची. त्यांना बोलता येतं आणि गिऱ्हाइकाचं ऐकूनही घेता येतं.

आपल्या भागात मला जास्त काळजी वाटते ती समजूतदारपणाची. गुण चांगला आहे, नाही कशाला म्हणू? पण तो फार झाला की माणूस भिडस्त होतो. "सोयाबीन निघालं की देतो ना भाऊ," असं ओळखीच्या माणसाने म्हटलं की आपली मान हलते. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात उधारी बंद करून किराणा किंवा कृषी केंद्र चालत नाही, मान्य. मग स्वभाव बदलत बसण्यापेक्षा नियम करा. एका घराला उधारीची मर्यादा किती, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि नाही म्हणायचं काम घरातल्या खमक्या माणसाकडे द्या. बऱ्याच दुकानांत ते काम काकू उत्तम करतात!

एक सावधगिरी. वॉल्टर मिशेलने १९६८ मध्ये याच सिद्धांतांवर बोट ठेवलं होतं: गुण मोजून एखाद्या प्रसंगी माणूस कसा वागेल हे फारसं सांगता येत नाही, प्रसंगही माणसाला वागवतो. घरी तोंड न उघडणारा पोरगा यात्रेत कचोरीच्या गाडीवर गर्दी झाली की आवाज लावतोच. म्हणून मोबाईलवरची दहा प्रश्नांची टेस्ट देऊन "मी अंतर्मुख, मला धंदा नाही" असा निकाल लावू नका. माणूस ठेवतानाही मुलाखतीतल्या गप्पांवर जाऊ नका. आठ दिवस रोजाने कामाला ठेवा, संध्याकाळी त्याची वही बघा.

या आठवड्याचा गृहपाठ: उधारीची वही उघडा. ज्या पाच नोंदींना मनात "नाही" होतं पण तोंडून "हो" गेलं, त्यांच्यापुढे खूण करा आणि रकमेची बेरीज मारा. पुढच्या व्हिडिओत त्या बेरजेपासूनच सुरुवात करू.